घराण्याचा घसा

तीर्थस्वरूप सुन्नेवामावशीस,

हानुसचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे, तुझ्या अठरा मेंढ्या आणि तुझा राग या सगळ्यांची प्रकृती उत्तम असेल, अशी खात्री आहे. (रागाची तर गेली चार वर्षं काळजीच करावी लागलेली नाही.) मी ठणठणीत. घसा तेवढा बसला आहे, पण घसा म्हणजे काही अख्खा माणूस नव्हे.

झालं असं, की शनिवारी गावच्या सभागृहात नाच होता आणि पोवाडा अर्थातच मी सांगत होतो. दीडशे माणसं हात धरून गोल फिरत होती. त्र्याऐंशीव्या कडव्यात राजपुत्र अजगरासमोर उभा ठाकला आणि माझा आवाज गेला. पुढचं कडवं पाठ फक्त मला. आपल्या फेरो बेटांवरच्या लोकांना थांबणं ठाऊक आहे का? वीस मिनिटं नुसतं ध्रुपद घोळवत पाय आपटत राहिले. निसटावं, तर एका हाताला मार्युन (बायकोच ती, सोडते कसली) आणि दुसऱ्या हाताला शेजारचा सिमुन. शेवटी मी मानेनंच अजगर मारून दाखवायला लागलो, तर सिमुन ओरडला, "अरे, हानुसला घास अडकला! पण हात सोडू नका रे कुणी!"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घसा सुजण्याची दोन वर्षांतली ही अकरावी खेप. घशाचे हे जंतू भेटतात सगळ्यांनाच. काहींचं शरीर त्यांना ओळखून हाकलतं, काहींचं दर वेळी पाहुणा समजून आत घेतं, आणि हा भोळेपणा बराचसा रक्तातून येतो. घरात आणखी कुणाला आहे, असं त्यांनी विचारलं. मी घोगऱ्या आवाजात पण छातीठोकपणे सांगितलं, की वडिलांकडचे सगळे खोकणारे, आईकडचे म्हणजे गळ्याचे राजे. मग आमच्या लेकीचा, रान्नवाचा, घसा वर्षात सहा वेळा का धरला? ती आजोबांवर गेली, दुसरं काय! बाईंनी कागदावर 'आईकडचे' असं लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

तेव्हा काळजी नसावी. आठवड्यात घसा मोकळा होईल आणि रान्नवाच्या लग्नात नवरीचं गाणं मीच सांगेन.

तुझा आज्ञाधारक,
हानुस

ता. क. वरचं काल लिहिलं. आज ठरलं की सोमवारी टॉन्सिल्स काढायच्या. लग्न वीस दिवसांवर, आणि तोवर गाणं बंद. नवरीचं गाणं अथपासून इतिपर्यंत येणारं माणूस आता तू एकटीच. चार वर्षांपूर्वी भर सभागृहात "मावशी फार रेंगाळते" म्हणून मी तुझा पोवाडा सांगण्याचा मान काढून घेतला. चुकलो. लग्नात गाणं तू सांग.

आणखी एक. आईच्या पेटीत तुझं जुनं पत्र सापडलं, तोर्सहावनच्या इस्पितळातून लिहिलेलं. एकोणिसाव्या वर्षी तुझ्याही काढल्या होत्या म्हणे! आणि आम्हाला जन्मभर सांगत आलीस, वाऱ्यावर सुकवलेलं मटण खा, घसा टिकतो. कुणाला बोलणार नाही. (डॉक्टरीणबाईंना सांगितलं; रान्नवासाठी सांगावंच लागलं.) फक्त एवढं उलट टपाली कळव: तुझा आवाज परत कधी आला? मावशी, मला फार भीती वाटते आहे.