आमचा हॉल आणि डायनाचा ग्रुप

४ जाने., रवि.
आज ग्रुपवर पुन्हा फोटो. आरे-वारेला सहल. आपली सगळी माणसं समुद्राकडे पाठ करून, दात काढून. मधोमध डायना. नवरा रॉनी जयगडला पोर्टात लागला म्हणून ठाण्याहून आली, अजून वर्ष व्हायचंय, आणि रत्नागिरीतले सगळे बेने इस्राएल, आम्ही मूठभर कोकणी ज्यू, तिच्या मोबाईलमध्ये. यापुढे इथे नुसतं डा. पूर्ण नाव लिहून शाई कशाला फुकट घालवा.
सहलीचं मलाही विचारलं होतं. गुडघ्याचं कारण सांगितलं. गुडघा ठणठणीत आहे.
जोसेफनं तिकडे इस्राएलमधून, अश्दोदहून, त्या फोटोखाली अंगठा टाकला. आईचा फोन घ्यायला वेळ नसतो.

१० जाने., शनि. (तारे दिसल्यावर, शब्बाथ सुटला)
काल शुक्रवारची प्रार्थना डा.कडे, माळनाक्याच्या फ्लॅटवर. सासऱ्यांच्या वेळेपासून ती आमच्या हॉलमध्ये व्हायची. व्हायची म्हणजे सणावारी. एरवी मी फोन करकरून थकायचे. एकाच्या मुलीची परीक्षा, दुसऱ्याकडे नारळ पाडणारा आलेला. चार डोकी जमली की हे प्रार्थनेचं पुस्तक उघडायचे आणि मी चहा टाकायचे.
तिच्याकडे काल बसायला जागा नव्हती. दापोलीच्या शेती कॉलेजातले दोन विद्यार्थी एस.टी.नं आले होते. आपले दोघे दापोलीत शिकतायत हे मला माहीतच नव्हतं. तुला कसं कळलं, विचारलं. "इन्स्टावर शोधले, आंटी."
लहान पोरांनी हिब्रू अक्षरं म्हणून दाखवली. छान म्हटली. मी टाळ्या वाजवल्या आणि घरी येऊन ह्यांना उगाच फाडून खाल्लं.
हे म्हणाले, "बरं झालं ना, माणसं जमतायत." ह्यांना कशाचंच काही वाटत नाही.

१५ जाने., गुरु.
मांडवीहून ह्यांचे शालोममामा आले होते. फ्लोरामामीला जाऊन पुढच्या शुक्रवारी वर्ष होतं. मुलं परदेशात, तेव्हा कदीश, गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, मामाच म्हणणार. त्याला दहा पुरुष लागतात. आम्ही बायका कितीही बसलो तरी मोजणीत शून्य.
मला वाटलं आता म्हणतील, रिबका, तुझा हॉल दे. चहा प्यायले, दोन खारी बुडवून खाल्ल्या, मग म्हणाले, "डायनानं सगळा जमवलान गो. तिच्याकडेच करायचा. बरोबर दहा होतत. तू सॅम्युअलला तेवढा वेळेवर पाठव."
पाठव. म्हणजे हॉल नको, मी नको, फक्त माझा नवरा हवा.
लग्न होऊन आले तेव्हा या घरात मला मलिदा, नैवेद्याचे गोड पोहे, करायला फ्लोरामामीनं शिकवलं. आता तिच्याच वर्षाला मी पाहुणी.

२१ जाने., बुध.
डा.चा फोन. एलियाहू हन्नबी, आपला प्रेषित, त्याच्या उरुसाचा मलिदा यंदा "सगळ्यांनी मिळून" करायचा म्हणे, तिच्याकडे. प्रत्येकानं एकेक फळ आणायचं. इतकी वर्षं पोहे भिजवण्यापासून वर सब्जाची काडी ठेवण्यापर्यंत सगळं माझ्या हातचं. आता मी काय आणायचं, तर केळी.
"तुम्हाला एकटीला दरवर्षी त्रास होतो ना, आंटी."
कोण म्हणालं हिला त्रास होतो म्हणून? मीच म्हणाले असणार. दरवर्षी सगळ्यांना सांगत सुटते. पण म्हणून काय कोणी काढून घ्यायचं असतं?
 रात्री ताटावर बसलेच नाही.

२४ जाने., शनि. (तारे दिसल्यावर)
लिहू की नको. लिहिते.
काल दुपारी डा.ला फोन करून सांगितलं, ह्यांना ताप आहे, येता येणार नाही. ह्यांना सांगितलं, मामांचं कदीश पुढे ढकललंय. हे "बरं" म्हणाले आणि मॅच लावून बसले. इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं.
तिची फजिती व्हावी, एवढंच डोक्यात होतं. घर भरलेलं, पुस्तकं उघडलेली आणि मोजायला गेलं तर नऊ. मामा डोक्यातच नव्हते. खरंच नव्हते? होते. तरी फोन केला.
नऊच झाले. रॉनीनं चिपळूणच्या एकाला फोन लावला, तो नेमका मुंबईत. मामा इस्त्रीचा शर्ट घालून वाट बघत उभे होते, शेवटी बसले. हे सगळं मला डा.नंच रात्री फोनवर सांगितलं. शब्बाथ लागलेला, त्यात फोन करायचा नसतो, तरी तिनं केला आणि मी घेतला. आवाजात राग नव्हता. "अंकलना जपा," म्हणाली.
ह्यांचं म्हणाल तर हे मांडवीला भेळ खायला गेले होते. मी आंघोळीला गेले तेवढ्यात सटकले. परत येईपर्यंत मी फाटकाशी उभी.

२५ जाने., रवि.
सकाळी डा. डबा घेऊन दारात. मऊ भात आणि सार, तापाच्या माणसाला. हे मासळीबाजारात गेलेले. मी म्हटलं, "झोपलेत."
तिनं दारातल्या चपलांकडे बघितलं. ह्यांच्या नव्हत्या.
मग म्हणाली, "अंकलना बाहेर पडणं जमत नसेल तर आम्हीच सगळे इथे येतो. पुढच्या रविवारी उरूस आहेच. मामांचं कदीशही तेव्हाच करू. मी मामांशी बोलले."
"तारीख गेली ना पण," मी.
"मामा म्हणाले, फ्लोरा काय रागवायची नाय, जन्मभर मी उशिराच पोचलोय तिच्याकडे."
फाटकाशी पोचल्यावर मागे वळली. हळू आवाजात म्हणाली, "शुक्रवारी मामांना सोडायला गेला होता ना रॉनी, तेव्हा त्याला अंकल दिसले मांडवीला. मामांचं लक्ष नव्हतं. मी कोणाला बोलले नाही, आंटी."
भांडली असती तर बरं वाटलं असतं. चार शब्द मीही सुनावले असते. आता मोठेपणाही तिचाच. तो डबा मीच खाल्ला, उभ्यानं, ओट्यापाशी. सार चांगलं होतं.

२८ जाने., बुध.
काल ह्यांना सगळं सांगितलं. नाहीतर रविवारी कोणीतरी विचारणारच, ताप कसा आहे.
ह्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. मग म्हणाले, "मामांनी विचारलं तर मी आजारी होतो की नव्हतो?"
"तुम्हाला वाटेल ते सांगा."
"मला नाही वाटत काही. तुझं तू ठरव."
तेव्हापासून जेवढ्यास तेवढं बोलणं. मीठ दे, दार लाव.
आज मी ह्यांना म्हटलं, तुमच्या लक्षात येत नाही, माझ्याकडे दुसरं आहे काय? पोरगा तिकडे. हा एक हॉल होता. ह्यांनी टीव्ही बंद केला.

२ फेब्रु., सोम.
काल सगळे आले. पायरीपासून फाटकापर्यंत चपला. हॉल इतका भरलेला सासूबाईंच्या वेळीही पाहिला नव्हता. हवं होतं तेच झालं, आणि मी बश्या पुसत आतच.
डा. दुपारीच आली होती. "शिकवा मला," म्हणाली आणि विळीवर बसली. नारळ जाड खवत होती. मी म्हटलं, बारीक. लगेच बारीक खवलं. हात चांगला आहे तिचा, काय करू.
दहा झाले. मामांनी कदीश म्हटलं, मध्ये आवाज फाटला, सगळे थांबले, मग पुढे गेले. ह्यांचा आमेन सगळ्यांत मोठा.
नंतर मी बशी दिली तेव्हा मामांनी माझा हात धरला. "अगो, घरात माणूस आजारी आणि तू एवढा सगळा केलंस. फ्लोराच्या हातचीच चव हाय." हे उठून आत पाणी प्यायला गेले. डा. शेजारीच फळं कापत होती, तिनं मान वर केली नाही. मी म्हटलं, "घ्या ना मामा अजून थोडं." 
निघताना डा. सगळ्यांसमोर म्हणाली, "आंटी, शुक्रवारची प्रार्थना पुन्हा इथेच सुरू करू या? इथे सगळ्यांना बरं वाटतं."
सगळे माझ्याकडे बघत होते. हेच ऐकायला मी किती वर्षं कान लावून बसले, आणि ऐकवलं कोणी, तर हिनं. तिनं द्यायचा आणि मी घ्यायचा, माझाच हॉल. म्हटलं, विचारून सांगते.
आज सकाळी ह्यांनी चहा पिताना विचारलं, "कोणाला विचारणार आहेस?"
"मामांना," तोंडातून निघून गेलं.
 दुसरा चहा ह्यांनी स्वतः केला, मलाही दिला.
मामा दुपारचे झोपतात, पाचला उठतात. मी साडी बदलून बसले आहे; तापाचं आधी सांगायचं, मग हॉलचं. डा.चा मेसेज आलाय, "आंटी, काय ठरलं?" अजून उत्तर दिलेलं नाही.