फुलदाणीचा केसाएवढा तडा

३ मार्च, रविवार
आजपासून एक नवं काम हाती घेतलं आहे. जुन्या चिनी मातीच्या भांड्यांचं जतन. नुसतं म्हणून पाहिलं तरी माणूस ताठ बसतो.

पहिली केस घरातलीच. हिच्या आईची निळ्या वेलीची फुलदाणी. आई गेल्यापासून ही आणि हिची धाकटी बहीण ती आळीपाळीने एकेक वर्ष सांभाळतात. आईच्या वाढदिवसाला पाळी बदलते. म्हणजे २४ तारखेला धाकटी न्यायला येणार. फुलदाणीला केसाएवढा तडा आहे. पाणी झिरपतं, टेबलावर डाग पडतो. ही म्हणाली, "तेवढं बुजवता आलं तर बघा. नाहीतर राहू द्या, मी खाली बशी ठेवते."

बशी! ताप आलेल्याची उशी बदलण्यातला प्रकार.

शिवाय रिकामी फुलदाणी कुणाच्या हाती द्यायची नाही, पाणी आणि ताजी फुलं घालूनच द्यायची, असा आईंचा नियम म्हणे. भावनिक बाब. तांत्रिक बाजूशी संबंध नाही.

४ मार्च
पुस्तक आणलं. प्रस्तावना वाचून काढली. पुढचं बरंचसं प्रस्तावनेवरून लक्षात येतं.

मुख्य तत्त्व: आपण केलेली दुरुस्ती पुढच्या माणसाला सोडवता आली पाहिजे. केवढी ही नम्रता! लगेच पटलं. दुकानदाराने नेहमीचा गोंद पुढे केला, जन्मभर सुटणार नाही म्हणाला. मी हसलो. त्याला समजावलं की आमच्या क्षेत्रात असलं चालत नाही. पाण्यात सुटणारा पांढरा गोंद मागितला. तो शाळेतली मुलं कागद चिकटवायला नेतात, असं त्याने सांगितलं. डबी देताना माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहत होता. आदर असावा.

७ मार्च
तड्यात वर्षानुवर्षांचा मळ बसला आहे. मळावर जोड बसत नाही. फुलदाणी कढत पाण्यात भिजवली. मळ हलला. मग लगेच गार पाण्याखाली धरली.

टक्.

तडा पूर्ण उघडला. आता फुलदाणीचे दोन भाग आहेत. एका अर्थी निदान बरोबर ठरलं. दुखणं वरवरचं नव्हतं. हिने स्वयंपाकघरातून विचारलं, कसला आवाज? शेजारी काहीतरी पडलं म्हणालो. शेजाऱ्यांनी आजवर माझं बरंच काही स्वतःच्या नावावर पाडून घेतलं आहे.

९ मार्च, संध्याकाळ
कडा घासताना एक भाग बेसिनमध्ये निसटला. साबण निकृष्ट होता. तुकडे वाढले. पण आता आतल्या बाजूने काम करता येईल, ही सोय आधी नव्हती.

मागच्या खोलीला कडी घातली आहे. हिला सांगितलं, काम नाजूक टप्प्यावर आहे, बघायला यायचं नाही. ही म्हणाली, "होईल ना वेळेत? धाकटी फार आशेने येते हो." म्हटलं, माझ्यावर सोड. ही आत निघून गेली. सोडलं असावं.

१३ मार्च
चिकटवलेले तुकडे सुकेपर्यंत तोल सांभाळून उभे राहायला हवेत. त्यासाठी परातीत वाळू भरली आणि तुकडे तीत खोचले. पद्धत पुस्तकातली आहे. परात घरातली आहे. हिने आज कणीक पातेल्यात मळली आणि काही बोलली नाही. हिच्या न बोलण्याचे प्रकार मी ओळखतो. हा मला नवीन होता.

तळापासून सुरुवात केली. मग मानेकडून. दोन्हीकडून काम वेगाने होतं.

१६ मार्च
शेवटचा तुकडा बसत नाही.

फिरवून पाहिला. उलटा करून पाहिला. समजावून पाहिला. बाकी सगळे जागेवर बसले आहेत आणि याच्यासाठी उरलेलं भोक याच्याहून लहान आहे. प्रत्येक सांध्यात किंचित सरकलं तर शेवटी मोठा फरक पडतो. म्हणून आधी सगळे तुकडे गोंद न लावता जुळवून क्रम ठरवावा, असं पुस्तकात आहे. पण ते मधल्या प्रकरणात आहे. असली गोष्ट लेखकाने मुखपृष्ठावर छापायला हवी.

थोडा वेळ तुकडा हातात घेऊन नुसता बसलो. वेलीची एक कळी आहे त्याच्यावर.

१७ मार्च
तुकडा कानशीने घासला. आता भोकातून आरपार जातो.

शेजारी दातांचे डॉक्टर राहतात. त्यांच्याकडून भोक बुजवायला दातात भरायची पूड आणली. त्यांनी विचारलं, दाढ कुणाची? म्हटलं, सासूबाईंची. त्या जाऊन बरीच वर्षं झाली, हे त्यांना ठाऊक आहे. पुढे काही विचारलं नाही. समजूतदार माणूस.

२० मार्च
रंगकाम. निळे रंग जगात किती आहेत याची मला कल्पना नव्हती. मूळचा कुठलाच नाही. बुजवलेल्या जागी कळीऐवजी एक मोठं पान काढलं. मूळ कारागिराला ते सुचलं नसावं. वरून वॉर्निश. तीन हात दुरून पाहिलं तर कुणाला कळणार नाही. दोन हातांवरून कुणी पाहू नये अशी व्यवस्था करावी लागेल.

२३ मार्च
फुलदाणी हिला दाखवली. खिडकीचा पडदा ओढून घेतला होता. ही बराच वेळ पाहत राहिली. मग पदराने डोळे टिपले. म्हणाली, "आई असताना होती ना, अगदी तशी."

तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगणारही होतो. पण हिने गेल्या कित्येक वर्षांत माझ्या कुठल्याही कामाकडे पाहून डोळे टिपले नव्हते, निदान या कारणाने. उद्या धाकटी घेऊन गेली की सांगेन. वर्षभर तिच्याकडे राहील. तोवर गोंद मुरेल.

२४ मार्च, दुपार
धाकटी आली. फुलदाणी पाहून मला म्हणाली, "भाऊजी, तुमच्याबद्दल मी काय काय बोललेय, ते सगळं परत घेते." काय बोलली होती ते विचारलं नाही.

मग ही फुलं घेऊन आली. दुसऱ्या हातात पाण्याची लोटी.

तेव्हा मला गोंद आठवला.

बोलावं तर सगळंच बोलावं लागलं असतं. लोटी कलती झाली. मी म्हणालो, "अगं, जरा कमी भर." हिने काठोकाठ भरली. आई तशीच भरायची म्हणे.

दोघी चहा घेत आईच्या आठवणी काढत बसल्या. मी फुलदाणीकडे पाहत बसलो. धाकटीला म्हटलं, निघतेस ना, उशीर होईल. ती म्हणाली, तुम्हाला कधीपासून माझी एवढी काळजी? आणखी एक कप ओतून घेतला. आधी माझं पान फुगलं. मग सांध्यातून पांढरं काहीतरी दुधासारखं उतरू लागलं. तत्त्व बरोबर काम करत होतं.

शेवटी ही उठली आणि फुलदाणी धाकटीपुढे सरकवली. धाकटीने ती मानेला धरून उचलली. मान वर गेली. बाकीचं टेबलावरच राहिलं, मग तेही राहिलं नाही.

कुणी ओरडलं नाही. ओरडल्या असत्या तर मला काहीतरी बोलता आलं असतं. धाकटी हातातल्या मानेकडे पाहत राहिली. ही खाली बसून एकेक तुकडा पदरात गोळा करू लागली. मध्येच थांबली. विचारलं, "अहो, यातला मूळचा तडा कुठला?"

मी खाली बसून शोधला. मनापासून शोधला. सापडला नाही.

२५ मार्च
धाकटी काल तुकडे बुटांच्या खोक्यात घालून घेऊन गेली. पाळी तिचीच होती. ती निघताना हिने खोक्यात तुकड्यांवर फुलं ठेवली. आईंचा नियम पाळला गेला.

कानशीने घासलेला तो कळीचा तुकडा आज मागच्या खोलीत वाळूत मिळाला. हिला नेऊन दिला. हिने मुठीत घेतला. गोंदाची डबीही मागून घेतली.

टेबलावर पेल्यात चार फुलं आहेत. पेला स्टीलचा आहे. मी जवळ गेलो की ही तो उचलून दुसरीकडे ठेवते.

पाणी झिरपत नाही. टेबल कोरडं आहे. मूळ तक्रार तेवढीच होती.