उरलेलं अर्धं मोजमाप

पारनेर

प्रिय अनन्या,

राजसचं राहिलेलं काम प्रयोगशाळेत दुसऱ्या कुणाला देऊ का, असा तुझा मेसेज आला, त्याला बरेच दिवस झाले. उत्तर टाइप करतो आणि पुसतो. म्हणून कागद घेतला. तहसील कचेरीत उभा जन्म पत्रं लिहिली, पण ती विषय आणि संदर्भ घालून. असल्या पत्राची सवय नाही.

तो गेल्यापासून एका जागी बसवत नाही. एसटी स्टँडपर्यंत जातो, कुणी ओळखीचं दिसलं की मागे फिरतो. तुझी काकू म्हणते, अहो, बसा की जरा. बसतो. पाय हलतच राहतात.

दिवाळीत तुम्ही दोघं आला होता, लग्नाची तारीख धरायला. तेव्हा त्याने मला तुमचं काम समजावलं. पेशीत धाग्यावरून ओझी वाहणारे इवले हमाल असतात, त्यांचं थरथरणं तुम्ही मोजता. पाण्यातला निर्जीव कणही थरथरतो, पण ते थरथरणं पाहून तो धक्क्याने किती सरकेल हे आधीच सांगता येतं. इंधन जाळत चालणाऱ्याचं तसं नाही. त्याला आधी नुसतं पाहायचं, मग हलकेच ढकलून पाहायचं. दोन्हींचा मेळ बसत नाही, आणि जितका बसत नाही त्यावरून आत किती जळतंय ते कळतं. एवढं सांगून त्याने माझ्या कोपराला बोटाने ढकललं. हातात चहा होता, थेंब सांडला नाही. "बाबा, तुम्ही तर निर्जीव कणाच्याही पुढचे!" तूही तोंडावर ओढणी धरून हसलीस.

नुसतं पाहायचं त्याचं झालं होतं. ढकलायचं राहिलं, आणि सुप्याजवळ तो अपघात झाला. तुझ्याच्याने आता त्या कामाला हात लाववत नाही, हे मला कळतं.

आमच्याकडेही लोक येतात, कांद्याच्या भावाचं बोलतात, त्याचं नाव काढत नाहीत. सुतकाच्या घरातून 'येतो' म्हणून निघायचं नसतं, म्हणून गुपचूप उठतात. सुतक केव्हाच फिटलं, तरी तसेच जातात. दहाव्याला तूही तशीच गेलीस. त्यानंतर तुझं रोजचं विचारणं एवढंच, काका, जेवलात का?

दुसऱ्या कुणाला देऊ नकोस. ते ढकलायचं काम तूच कर, हे सांगायला लिहितोय. आणि झालं की इकडे ये. माझ्यासमोर त्याचं नाव घे. माझ्या हातातला चहा सांडेल, काकू रडेल. होऊ दे. निघताना मात्र दारात थांबून 'येते' म्हण.

तुझाच,
नृसिंहकाका