बिननावाची तोड

सोमवार, १५ नोव्हेंबर १९९९

आज लेकीच्या घरी आले. खर्ड्याहून यस्टीनं नगर, तिथून राहाता, अन् पुढं कारखान्याच्या कॉलनीपतुर जावयाच्या फटफटीवर. फटफटीवर जीव मुठीत धरला हुता, पन जावयापुढं तोंड वाकडं केलं न्हाई. क्वार्टर झाक हाय. मोरीत नळ हाय, अन् नवल म्हंजी त्याला पानी बी येतं. माझी लेक जयमाला कारखान्याच्या शाळेत शिकवती, म्हनून नातीला सांभाळायला मला आनलं. फुकटची बाई कुनाला नको असती?

नात धनश्री. आमी धनू म्हनतो. धरून धरून उभी राहाती. आज पिठाचा डबा धरून उठली, हात सोडला की धपकन बुडावर, अन् वर आपनच टाळ्या वाजवती. तिची आई ह्या वयात जात्यासारखी एका जागी बसून असायची.

विहारातल्या साक्षरता वर्गाच्या बाईंनी ही वही दिली. रोज लिहा, न्हाईतर आलेलं जाईल, म्हनाल्या. इतक्या म्हातारपनी आलेलं घालवायचं जिवावर येतं, म्हनून लिहिते.

गुरुवार, १८ नोव्हेंबर

जावई चेतन कारखान्याच्या कम्प्युटरवर हाय. आज त्यानं पेढे आनले. काय दिवा लावला ते समजावून सांगितलं.

आधी उसाला तोड पाहिजे तर शेतकरी शेतकी ऑफिसात चपला झिजवायचा. आता राहात्याला कम्प्युटरच्या दुकानात जायचं, चेतननं केलेलं एक पान उघडायचं, त्यात शेताचा गट नंबर घालायचा. ते फोनच्या तारंतून कारखान्याच्या प्रोग्रामला जाऊन भिडतं, अन् शेतकी ऑफिसात तोडीची चिठ्ठी छापून पडती. चिठ्ठी मुकादमाला, अन् मुकादमाची टोळी कोयते घेऊन त्या गटात. पन प्रोग्राम सोम्यागोम्याचं ऐकत न्हाई. पानाकडं एक किल्ली हाय, लांबलचक अक्षरं अन् आकडे. ती दिली की मग तो विचारत न्हाई तू कोन, कुठला. नुसतं सांगितलेलं करतो. तीच किल्ली चिठ्ठीच्या तळाला बी छापतात, खोटी चिठ्ठी कुनी करू नये म्हनून.

मी विचारलं, किल्ली ठेवलीस कुठं? म्हनाला, पानातच, आतल्या अंगाला. कुनी उलटंपालटं करून बघितलं तर दिसंल, पन एवढं बघतंय कोन? मी म्हनलं, म्हंजी कुलूप लावलं अन् किल्ली कडीलाच टांगली. हसला. आई, तुमी चहा टाका, म्हनाला. टाकला. साखर कारखान्याचीच हुती, दाबून घातली.

मंगळवार, २३ नोव्हेंबर

कॉलनीच्या मागं ऊसतोड्यांच्या कोप्या हायत, उसाच्या वाळल्या पाचटाच्या झोपड्या. तिथला मुकादम अजिनाथ आमच्या खर्ड्याकडचाच. त्याची बायको बायडाबाई मला चांगुना आत्या म्हनती.

काल त्यांच्या टोळीनं छगन शेतकऱ्याची डाळिंबाची बाग तोडली. फळाला आलेली, सगळी बुडातून. छगन शिव्या घालत आला. अजिनाथनं चिठ्ठी दाखवली. गट नंबर बागेचा. तळाची किल्ली बरोबर. मागनाऱ्याच्या नावाची जागा तेवढी कोरी.

मी बी तरुनपनी कोयता धरलाय. आंधळा तोड्या सुदिक डाळिंबाला ऊस समजायचा न्हाई. बायडाबाईला झापलं, डोळे गहान टाकले का गं? ती रडाय लागली. म्हनली, आत्या, सगळं दिसत हुतं. ह्यांनी तळाची अक्षरं मोठ्यानं वाचली अन् अंगातलं नको म्हननारं कोन हुतं ते निघूनच गेलं. काट्यांनी हात रगताळले, पन थांबंनात. गट संपला तवाच थांबले.

चेतनला सांगितलं. म्हनला, कुनीतरी चावटपना केला असंल, बघतो.

शनिवार, २७ नोव्हेंबर

चिठ्ठी परत छगनचीच. या खेपंला त्याच्या घराचा अन् गोठ्याचा गट. भर सकाळी, लख्ख उन्हात.

लिहावं का नको? लिहिते.

म्हशी उभ्या हुत्या. बुडात घाव घातले, चारी पायांवर. पडल्यावर मानेवर, उसाचा शेंडा उडवतात तसा. छगन काठी घेऊन मधी आला. त्याला नडगीतून तोडला. मग शेंडा. अंगावरचा सदरा पाचटासारखा सोलला. मग मोळी बांधली, घट्ट, गाठ मारून. ट्रॉलीत रचली.

त्याची बायको लंकाबाई भोवळ येऊन अंगनात पडली. तिला ओलांडून गेले. बसलेलं वासरू बी तसंच राहिलं. सरळ उभं असंल तेच तोडतात, लोळलेल्याला शिवत न्हाईत.

लंकाबाईनंच हे सांगितलं. म्हनली, सगळी टोळी रडत हुती. बायडाबाई कोयता चालवता चालवता तिला विनवत हुती, उठू नको गं बाई, उठू नको.

मंगळवार, ३० नोव्हेंबर

अजिनाथ, बायडाबाईला पोलिसांनी नेलं. पुढची चिठ्ठी दुसऱ्या टोळीला गेली.

चेतननं किल्ली बदलली. पन पान चालायचं तर नवी किल्ली बी पानातच घालावी लागती. घातली. दुपारी नव्या किल्लीची चिठ्ठी हजर. मी म्हनलं, मुडद्या, पानच मोड की. मोडलं. तार उपटली. तरी छापायचं मशीन खरखरतंय. चेतन म्हनतो, किल्ली ज्याच्या हाती पडली त्याला आता पान लागत न्हाई, तार लागत न्हाई. कोन हाय तो? म्हनला, आई, तिथं कोनीच न्हाई. ती कोरी जागाच मागतीय.

आज ओढ्यापलीकडची वस्ती. मोळ्यांची ट्रॉली दारावरून गेली. वरच्या मोळीत बांगड्या हुत्या.

चेतन म्हनतो, घाबरू नका, कॉलनी काय शेत न्हाई. मी म्हनलं, कॉलनी काय ढगात बांधली का? तिला बी गट नंबर हायच की.

धनू डबा धरून उठली. चापट मारून बसवली. रडली. रडू दे.

गुरुवार, २ डिसेंबर

शेतकी अधिकारी रंगनाथ सायेब चिठ्ठी फाडायला गेले. फाडता फाडता तळाची अक्षरं नजरंला पडली. शेजारी उभ्या तोड्याचा कोयता मागून घेतला. शिपाई पुढं उभा हुता.

सायबांना कोयता धरता येत न्हाई. लई वेळ लागला, म्हनतात.

उद्याच्या पयल्या यस्टीनं धनूला अन् जयमालाला खर्ड्याला नेते. गाठोडं बांधलं.

शुक्रवार, ३ डिसेंबर

यस्टी न्हाई. फाटकात टोळी उभी हाय. चिठ्ठी कॉलनीची.

चेतन पहार घेऊन मागच्या बाजूनं गेला, मशीन फोडायला. डोळे मिटून फोडीन म्हनला, अक्षरं बघनार न्हाई.

पलीकडच्या क्वार्टरातून आवाज. खच्च. खच्च. ओळखते मी. बुडातला घाव—

तोच दिवस

आडव्या पडलोय. जयमाला खाटंपलीकडं, धनूला छातीखाली दाबून. मी दाराशी. लिहिलं की ओरडायचं राहातं, म्हनून—

मशीन खरखरतंय. इथपतुर ऐकू येतं. फुटलं न्हाई.

दार उघडलं. चेतन. हातात पहार न्हाई. कोयता.

ढसाढसा रडतोय. म्हनतोय, आई, उठू नका. जयू, उठू नको. पाया पडतो, उठू नका—

मला ओलांडलं.

धनूला बापाचा आवाज कळला. सुटली. रांगत—

खाटंचा पाय धरला. बस, धनू. बस माझे बाय, बस—

उठली. हात सोडला. पडली न्हाई. टाळ्या वाजवतीय. कुनाला न धरता, पयल्यांदा, आपली आपन—

चेतन वाकला.

मी उठते. जुना बुडखा हाय, कोयत्याला येळ लागंल. जयमाला, तेवढ्यात पोरीला खाली वढ, खाली—