बरडावरचं अर्थिंग

१६ फेब्रुवारी

आलो एकदाचे. टेम्पो सकाळीच पोचला. रेडिओच्या टॉवरचे तिन्ही तुकडे एकही पोचा न पडता उतरले. बायकोच्या, दिपालीच्या, बरण्यांपेक्षा मला त्यांचीच काळजी जास्त होती हे तिच्या लक्षात आलं. तिने बरण्या स्वतः उचलून आत नेल्या.

हडपसरच्या फ्लॅटमध्ये मी इतकी वर्षं खिडकीबाहेर तार लोंबकळवून रेडिओ ऐकला. लिफ्ट सुरू झाली की खरखर, शेजाऱ्यांचा इन्व्हर्टर लागला की खरखर. इथे तिसगावच्या बाहेर या बरडावर आज दुपारी नुसती बॅटरी आणि तारेचा तुकडा घेऊन बसलो, तर श्रीलंकेतला एक गडी ओट्यावर बसून बोलावं तसा ऐकू आला. जमिनीत काही पिकत नाही म्हणून नगरच्या मालकाने ती घरासकट आनंदाने विकली. मला पिकवायचंच नाही.

शेजार एकच, खालच्या वस्तीवर गहिनीनाथ आणि बनुबाई. बनुबाईंनी तांब्याभर दूध आणून दिलं. त्यांचा मुलगा ओम तिसगावात विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी नव्याने तांब्याची तार गुंडाळून भरून देतो. गहिनीनाथांनी विचारलं, हा मोबाईलचा टावर का? मी समजावलं की हा हौसेचा रेडिओ आहे, सरकारी परवाना आहे, लांबलांबच्या लोकांशी बोलायचं, बस. ते हसले. म्हणाले, बोलायला फोन असताना एवढं लोखंड कशाला.

२३ फेब्रुवारी

टॉवर उभा राहिला. मुजफ्फर वेल्डर माणसं घेऊन आला होता, दिवसभरात काम फत्ते. सिमेंटच्या पायात बसवून तीन बाजूंनी तारेचे ताण दिले. खालून पाहिलं की मान दुखते. मी पुष्कळ वेळ पाहिलं.

आता अर्थिंग. वळवाचे ढग येण्याआधी ते व्हायलाच हवं, नाहीतर या उंचीवर पहिली वीज आमच्यावरच. टॉवरभोवती तांब्याचा मुलामा दिलेले लांब रॉड ठोकायचे, ते उघड्या तारेने एकमेकांना, टॉवरला आणि घराला जोडायचे, म्हणजे वीज पडली तरी मुकाट जमिनीत जाईल.

बनुबाई दूध द्यायला आल्या तेव्हा मी रॉड मांडत होतो. त्यांनी विचारलं, हे कशाला? सांगितल्यावर त्यांनी तांब्या खाली ठेवला. मग म्हणाल्या, "हितं काई ठोकत न्हाईत. आमी शेरडं सुदीक हातात दावं धरून चारतो. खुंटी ठोकली का खाली जाती."

खाली म्हणजे कुठे, मी विचारलं. त्यांनी तांब्या उचलला आणि निघाल्या. दिपालीला हे फार आवडलं. मलाही. रेडिओवरच्या ब्राझीलच्या मित्राला सांगायला चांगला किस्सा मिळाला.

२५ फेब्रुवारी

पहिले दोन रॉड ठोकले. मुरमात घाम निघेल म्हणून पाणी ओतून ठेवलं होतं, घणाची मूठ कापडाने बांधली होती. गरज पडली नाही. सुरुवातीचे चार घाव कडक बसले आणि मग रॉड दह्यात चमचा जावा तसा गेला. शेवटी तर मी घण उचलेपर्यंत तो थोडा उतरलेला असायचा. खाली भुसभुशीत थर असणार. तार आवळायच्या क्लॅम्पसाठी चार बोटं वर राहू दिली.

२७ फेब्रुवारी

एक रॉड गेला. जागेवर स्वच्छ गोल भोक, रॉडच्याच जाडीचं. कुणीतरी उपटून नेला. तांब्याचा मुलामा पाहून मोह झाला असणार.

दिपाली म्हणते, उपटला तर माती उकरलेली दिसायला हवी.

३ मार्च

दुसराही गेला, आणि काल ठोकलेले दोन. दारं नसलेल्या घरांचं गाव इथून काही फार लांब नाही आणि माझ्या आवारात चोऱ्या. तांबं कुणाच्या कामाचं? जो रोज तांब्याच्या तारा गुंडाळतो त्याच्या. दिपालीचं ऐकलं नाही. चौकीत जाऊन ओमचं नाव दिलं.

६ मार्च

ओमला दिवसभर बसवून ठेवलं होतं. दुकान उलटंपालटं करून पाहिलं. काही मिळालं नाही.

दूध आलं नाही. संध्याकाळी गहिनीनाथ बांधापर्यंत आले. बांध ओलांडला नाही. तिथूनच शांतपणे म्हणाले, "गावासमोर माज्या पोराला गाडीत घातलं तुमी. आता हितून पुढं तुमचं तुमी बघा."

मी म्हणालो, चोर सापडला तर मी माफी मागीन. ते माझ्या पायांखालच्या जमिनीकडे बघत राहिले.

१५ मार्च

टँकरवाला फोन उचलत नाही. किराणावाला सामान देतो, पण पिशवी हातात न देता फळीवर सरकवतो. दिपाली बाजारात गेली की बायका बोलायच्या थांबतात. तिने हे जेवताना सांगितलं आणि ताट अर्धं ठेवून उठली.

मी नवे रॉड आणले. यावेळी प्रत्येक ठोकला की लगेच जोडला. टॉवरभोवती उघड्या तारेचं कडं, तिथून एक तार ओट्याच्या खांबाला वळसा घेऊन घरात. आता उपटून दाखवा.

१७ मार्च

असं अर्थिंग मी आयुष्यात पाहिलं नाही. जमिनीचा रोध मोजायच्या मीटरचा काटा शून्यावर. चुकतोय म्हणून दुसरा लावला, तोही शून्यावर. रेडिओत खरखर म्हणून नाही. आज ब्राझील, फिनलंड, मग जपान, ओळीने. तिकडचा माणूस श्वास घेतो तोसुद्धा कळतो. मी दिपालीला बोलावलं, कानाला हेडफोन लावले. तिने थोडं ऐकलं आणि काढून ठेवले. म्हणाली, श्वास ऐकू येतोय, पण तो बोलणाऱ्याचा नाही. तो थांबला तरी येतोय.

आणखी रॉड ठोकायला हवेत.

२९ मार्च

दिपालीने घोडेगावच्या बाजारातून शेळी आणली, दुधासाठी. कुणी देत नाही म्हणून. पांढरी, एक कान काळा. दिवसभर तिच्याशीच बोलत होती. इथे आल्यापासून ती इतकं माझ्याशी बोललेली नाही.

मी ओट्यामागे लोखंडी खुंटी ठोकून शेळी बांधली.

३१ मार्च

दुपारी शेळीचं ओरडणं ऐकून दोघंही धावलो. खुंटी दिसत नव्हती. दावं जमिनीत गेलं होतं, जवळजवळ सगळं. शेळीची मान मातीला चिकटलेली, मागचे पाय घासत होते. दिपालीने दावं धरून ओढलं, मीही ओढलं. आम्ही दोघं एका बाजूला होतो आणि दुसऱ्या बाजूला जे होतं ते आम्हाला जुमानत नव्हतं. झटका नव्हता त्यात. सावकाश, न थांबता. विळा आणेपर्यंत मान मोडल्याचा आवाज झाला.

दावं कापलं. कापलेलं टोक भोकात सरकत आत गेलं, शेवई तोंडात ओढावी तसं.

मी भोकावर हात धरला. हवा आत जात होती.

१ एप्रिल

दिपाली नगरला बहिणीकडे गेली. माझ्याबरोबर चल म्हणाली. एसटीच्या पायरीवर उभी राहून परत एकदा म्हणाली. मी म्हटलं, तारा तोडतो, टॉवर उतरवतो, मग येतो. ती म्हणाली, "तुला अजून तो टॉवर न्यायचाय."

परतताना गहिनीनाथांच्या दारात गेलो. चोरी झालीच नव्हती हे सांगायचं होतं. बनुबाई अंगणात धान्य पाखडत होत्या. त्यांनी सूप घेतलं, आत गेल्या, कडी लावली.

४ एप्रिल

तिसगावात कुणी टॉवर उतरवायला यायला तयार नाही. मुजफ्फरने फोनवर विचारलं, खाली जातोय का? मी उत्तर द्यायच्या आत फोन ठेवला.

तो विचारतो याचा अर्थ त्याला माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं.

६ एप्रिल

रॉडांची डोकी गेली. सगळी. पण तार त्यांच्याबरोबर आहे. टॉवरभोवतीचं कडं ताठ झालंय, बोट लावलं की वाजतं. सिमेंटच्या पायाला चीर. टॉवर तिसगावच्या बाजूला झुकलाय — थोडासा —

ओट्याचा खांबही.

७ एप्रिल

भिंतीत चीर. दार लागत नाही. रेडिओ बंद आहे, बॅटरी काढली आहे, तरी हेडफोनमधून — तो श्वास. बोलणाऱ्याचा नाही. बरोबर म्हणाली ती.

उद्या उजाडताच तारा कापायच्या आणि निघायचं. टॉवर राहू दे. राहू दे.

८ एप्रिल

घराची तार कापली. सुटलेलं टोक मागे उसळलं, घोट्याभोवती वळसा — घट्ट — कापायची करवत हातातून उडाली. हात पुरत नाही तिथवर.

फोन घरात. ही वही खिशात होती, मीटरचे आकडे लिहायला.

ओढतंय. सावकाश. मी टॉवरचा पाय धरून बसलोय. हाका मारल्या. वस्तीवरून कुत्रं भुंकलं, माणूस नाही.

पाऊल आत गेलं. दुखत नाही. माती गार आहे.

—

गहिनीनाथ आलेत. बांधावर. हातात करवत आहे. उभे आहेत. या म्हटलं, हात जोडले.

म्हणाले, "तुमच्या रानात पाय ठिवला का परत चोर म्हनाल."

नाही म्हणणार म्हटलं.

"माजं पोरगं चोर न्हाई, असं म्हना. वस्तीपर्यंत जाऊंद्या."

म्हणालो. ओरडून म्हणालो. ओम चोर नाही. पुन्हा म्हणालो. आवाज फाटेपर्यंत.

बांधावरून उतरले. येतायत. जमीन बघून पाय टाकतायत —

नडगी गेली. गुडघा टेकलाय मातीला —

जवळ आलेत. करवत पुढे करतायत, आणखी जरा —

थांबले. का थांबले? करवत टाकली त्यांनी. मागे सरतायत. माझ्याकडे बघत नाहीत, माझ्या डोक्यावरून वर — मागे लोखंड कुरकुरतंय, एक ताण तुटला, दुसरा — टॉवर