डोंगर बघून सांगणारी

आई, तू गेलीस तेव्हा मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. पुढे माझं काय झालं ते तुला सांगायचं राहूनच गेलं. मी हवाई दलात आहे. विमान चालवत नाही, उड्डाणाआधी वैमानिकांना हवामान सांगते. सध्या रजेवर कर्जतला दादाकडे आलेय. त्याच्या गच्चीवरून माथेरानचा डोंगर सबंध दिसतो, आणि सकाळी चहा घेताना मी अजून आधी त्याच्याकडेच बघते.

तू रोज पायवाटेने तो डोंगर चढून हॉटेलात भांडी घासायला जायचीस. वाडीतल्या सहा-सात बायका डबे घेऊन आपल्या अंगणात जमायच्या आणि तुला विचारायच्या, "जायचं का गं वर?" तू गोठ्यामागे जाऊन डोंगर बघून यायचीस, मग सांगायचीस. त्या श्रावणातला दिवस मला लख्ख आठवतो. उशीर झालेला, धाकट्याला ताप, तू चुलीपुढे. बायका विचारतात आणि तू मान वर न करता म्हणतेस, "चला, मोकळा हाय." अर्ध्या वाटेवर धुकं उतरलं, हातभर पुढचं दिसेना, आणि शेजारच्या काकू निसरड्या कातळावरून पडल्या. त्यांचं मनगट मोडलं.

दुसऱ्या दिवशी तू मला घेऊन त्यांच्या घरी गेलीस. काकूंची सासू दारातच कडाडली. तू तिचं सगळं बोलणं संपू दिलंस. मग काकूंसमोर बसून म्हणालीस, "काल मी डोंगर बगितलाच नव्हता. घाईत चला म्हनले. चूक माझी हाय." बस, एवढंच. तापाचं कारणसुद्धा सांगितलं नाहीस. परतताना मी विचारलं, आता तुला कोण विचारणार? तू म्हणालीस, "इचारतील. पन आता बगितलं ते आदी सांगायचं, वाटतं ते मंग." आणि खरंच, बायकांनी तुला विचारायचं सोडलं नाही. उलट वरच्या आळीतल्याही यायला लागल्या.

माझं काम ह्याहून फार वेगळं नाही. पहाटे तळावर पोचले की उपग्रहाची चित्रं बघते, रडार बघते, फुगा सोडून वरच्या हवेची घेतलेली मोजमापं नकाशावर मांडते, वाटेतल्या तळांवर फोन करून तिथला माणूस डोळ्यांनी काय बघतोय ते विचारते. मग वैमानिकांपुढे उभी राहते: वारा कुठून, किती लांबचं दिसेल, ढगांचा तळ किती खाली, वीज कुठे, उतरता आलं नाही तर वळायचं कुठे. आधी दिसलेलं, मग माझा अंदाज. ह्या क्रमात मी कधी फरक पडू देत नाही.

मागच्या भाद्रपदात किनाऱ्यावरच्या आमच्या तळावर एका खलाशाला आणलं. जहाजावरच्या यंत्रात त्याचा हात सापडला होता. डॉक्टरांना तो घाटावरच्या लष्करी रुग्णालयात हवा होता, तोही हेलिकॉप्टरने, कारण रस्त्याने अर्धा दिवस गेला असता. वाट आपल्या खालापूर-खोपोलीवरून घाट चढून जाणारी. सकाळी सात वाजता घाटमाथा ढगात बुडालेला होता. मी सांगितलं, "आता नाही."

हेलिकॉप्टरचे कप्तान वयाने मोठे, अनुभवी. म्हणाले, "ढगाखालून दरीतून निघून जाऊ की."

"सर, खोपोलीच्या पुढे ढगाचा तळ आणि डोंगर एक झालेत. खाली जागाच नाही. आत शिरल्यावर मागे वळायलाही मिळणार नाही."

डॉक्टर पुढे आले. "मॅडम, त्या मुलाचा हात जाईल. केव्हा जमेल तेवढं सांगा."

खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "दिसतंय ते असं, की समुद्रावर आकाश उघडलंय आणि ढगाचा थर पातळ आहे. माझा अंदाज असा, की ऊन लागलं की दहाच्या सुमाराला तो माथ्याच्या वर उचलला जाईल. एकनंतर मात्र गडगडाटी ढग उठतील. जायचं आणि परतायचं ते ह्या मधल्या वेळात."

"पक्का?" कप्तानांनी विचारलं.

"ढग उचलणार हे पक्कं. मिनिटं पक्की नाहीत. घाटावरच्या माणसाला माथा स्वच्छ दिसला की मी तुम्हाला सोडेन, आधी नाही."

ते तीन तास मी दर थोड्या वेळाने फोन करत राहिले. साडेनऊला पलीकडचा म्हणाला, अजून काही नाही. डॉक्टर माझ्याशी बोलेनासे झाले. मी शब्द बदलला नाही. दहा वाजून गेल्यावर फोन आला: माथा दिसतोय, पलीकडचं पठारही. हेलिकॉप्टर निघालं, पोचलं, आणि दुपारी पहिला गडगडाट झाला तेव्हा परत येऊन तळावर उभं होतं. त्या खलाशाची दोन बोटं गेली, हात वाचला. आता कप्तान माझी ड्यूटी असली की जरा लवकर येतात आणि माझ्याशेजारी बसून नकाशा बघतात.

हे सगळं तुला ताठ मानेने सांगता येतं. एकच गोष्ट सांगताना मान खाली जाते. निवडीच्या मुलाखतीत, कडक इस्त्रीच्या कपड्यांतल्या त्या पाच जणांसमोर, मला विचारलं होतं, तुमची आई काय करायची?

मी म्हटलं, काही नाही, घरीच असायची.