बाबांची खोली आणि तानेनएगचा डोंगर

ओबरमाट,
सप्टेंबर, सोमवार

चि. योस्ट यास,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद आणि त्यांच्या मागोमाग थोडा राग, दोन्ही पोचोत. झुरिकच्या दमट हवेत तुझी पाठ कशी आहे? सौ. मिर्ताचा खोकला गेला का? (तिला म्हणावं, मी दिलेल्या डोंगरी पाल्याच्या चहात मध घालायचा असतो. मागच्या खेपेला तिनं साखर घातली आणि नाव पाल्याचं खराब झालं.) आम्ही इथे मजेत आहोत. निदान बाबा तरी आहेत.

तुझं पत्र मिळालं. बाबांसाठी तुझ्या घराशेजारच्या वृद्धाश्रमात खोली ठरवलीस, महिनाअखेर गाडी घेऊन येतोस, शहाऐंशी वर्षांच्या माणसाला डोंगरावरच्या घरात ठेवणं बरं नव्हे, त्यांना आता दारापर्यंतही चालवत नाही, वगैरे सगळं वाचलं. दारापर्यंत चालवत नाही हे तुला कुणी सांगितलं? नाताळात तू आलास तेव्हा ते खुर्चीतून उठले नाहीत हे खरं, पण तेव्हा तू दुपारभर नव्या फ्लॅटच्या फरशीबद्दल बोलत होतास. मीही उठले नव्हते.

पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. ते चीजचा तुकडा कापत होते, तो कापून झाला तरी सुरी फिरवतच राहिले. मग खिडकीतून तानेनएगकडे बघत म्हणाले, "वर जाऊन किती वर्षं झाली गं, ओतिली?" बस. त्याच क्षणी मी ठरवलं की महिना संपायच्या आत बाबांना रोपवेनं वर न्यायचं, तिथून पायी फिरवायचं आणि तुला लेखी कळवायचं की हा माणूस कुठल्याही खोलीत मावणारा नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलावर रोपवेचं वेळापत्रक आणि नकाशा पसरून मी सहली आखायला बसले. बाबांची एकच अट होती, पर्यटकांसाठी बाकडी टाकलेल्या वाटेनं आपण जायचं नाही. (माझी सगळी मदार त्या बाकड्यांवर होती.)

पहिल्या सहलीला वर पोचलो तर असं धुकं की स्वतःचा हात शोधावा लागत होता. शेजारी सपाट मुलखातलं एक जोडपं हिरमुसून बसलं होतं. बाबांना त्यांची दया आली. त्यांनी काठी रोखून त्या पांढऱ्या भिंतीत एकेक शिखर दाखवायला सुरुवात केली, कुठलं कधी चढले, कुठे कुणाची गाय घसरली, सगळं. जोडप्यानं धुक्याचे फोटो काढले. एवढ्यात धुकं क्षणभर फाटलं आणि काठीच्या नेमक्या टोकाशी हॉटेलचा कचऱ्याचा हौद निघाला. बाबांनी काठी तसूभरही न हलवता म्हटलं, "आणि हा हौद नवीन दिसतोय."

दुसऱ्या सहलीला वाऱ्यानं घोळ केला. दोन खांबांच्या बरोबर मध्ये डबा थांबला आणि देवळातल्या घंटेसारखा झुलायला लागला. डब्यात आम्ही दोघं आणि रोपवेवाला गल्लुस. मी मोठ्यांदा प्रार्थना सुरू केली. बाबांनी पिशवीतून पाव आणि सॉसेज काढलं. "देवाला कशाला त्रास देतेस? तो काही चाकात तेल घालायला यायचा नाही. घे, खा." गल्लुसनंही खाल्लं. माझा वाटा त्याच्याकडेच गेला. वारा पडल्यावर आम्हाला उलटं खाली आणलं. कुणीही शहाणी बाई इथे थांबली असती, पण तुझं पत्र मी पुन्हा वाचलं आणि माझा निश्चय पुन्हा ताठ झाला.

तिसऱ्या वेळी आकाश धुतल्यासारखं होतं. वरच्या स्टेशनापासून कुरणाच्या कडेनं क्रेसेंत्सच्या झोपडीपर्यंत जायचं (तिला विसरला नसशील, उन्हाळाभर वर गाई राखते, चीज करते), असा बेत होता. बाबा पुढे, मी धापा टाकत मागे. "तू बोलत चालतेस म्हणून दमतेस," असं त्यांनी मागे न बघता सांगितलं. म्हणून दगडधोंड्यांच्या उतारावर मी हट्टानं पुढे झाले, वळून म्हटलं, "बाबा, हा दगड सुटा आहे, जपून," आणि त्याच दगडावरून घसरले. पायात काहीतरी कडकन वाजलं. उठवेना. फोनला रेंज नाही. बाबांनी घोटा चाचपला, आपलं जाकीट माझ्या अंगावर टाकलं आणि म्हणाले, "इथेच बस. कुठे जाऊ नकोस." (जशी काही मी नाचायला निघाले होते.)

आणि ते एकटे निघाले. योस्ट, आता थट्टा बाजूला ठेवते. त्यांची राखाडी टोपी त्या उतारावर लहान लहान होत गेली आणि कड्याआड दिसेनाशी झाली. एकदाही वळून पाहिलं नाही त्यांनी. तिथे बसून मला वाटलं, योस्टचंच खरं होणार. त्याला हरवायच्या नादात मी बाबांना घालवलं. मी रडले. आजूबाजूला सगळी शिखरं लख्ख उभी होती आणि मला एकही बघवेना.

मग खालून बोलण्याचा आवाज आला. बाबा आणि क्रेसेंत्स, मागे गवत ओढायची घसरगाडी, आणि दोघं कुणाच्या तरी लग्नावरून हुज्जत घालत येत होते! मला झोपडीपर्यंत ओढून नेलं. क्रेसेंत्सनं तिथल्या तारेच्या फोनवरून मदत मागितली, तर सुटकेचं हेलिकॉप्टर दुसऱ्या खोऱ्यात गुंतलेलं. बाबांची नजर मालाच्या रोपवेकडे गेली. तोच, चीज खाली पाठवायचा, ज्याचं इंजिन त्यांनी हयातभर सांभाळलं. मी ओरडले, "बाबा, पाटीवर लिहिलंय, माणसांना मनाई!"

"पाटी मीच लावली होती. आडवी पड, म्हणजे चीज दिसशील."

तर तुझी थोरली बहीण उघड्या लाकडी पेटीत, चीजच्या चाकाएवढ्या ढेपांमध्ये आणखी एक ढेप होऊन, आभाळ बघत ओबरमाटला उतरली. खाली गल्लुसनं पेटीचं दार उघडलं आणि आधी चीज उतरवलं. बाबा मागाहून वरच्या स्टेशनापर्यंत चालत जाऊन रोपवेनं आले. दवाखान्यात माझ्या खाटेशी बसून म्हणाले, "वाट चांगली होती. पुढच्या वेळी पलीकडची बघू." गेले चार दिवस ते सकाळी गातात. सूर नाही, पण आवाज खणखणीत आहे.

तेव्हा माझं ठाम उत्तर ऐक. बाबा कुठेही जाणार नाहीत. हा विषय संपला.

तुझी,
ओतिलिया

ता. क. : ती खोली मात्र रद्द करू नकोस. माझा पाय प्लास्टरात आहे, आणि आपल्या घराच्या पायऱ्या मला उतरताही येत नाहीत, चढताही येत नाहीत. तिथे लिफ्ट आहे म्हणतात, सूपही खोलीत आणून देतात. एकोणसाठ वर्षांच्या बाईला थोडे दिवस घेतील का, विचारून बघ. वय वाढवून सांगितलंस तरी चालेल.

आणखी ता. क. : गाडी घेऊन ये, पण मला पोचवलंस की मिर्ताला सांगून परत इथे ये. बाबांना एकट्यानं डोंगरात जाऊ द्यायला मी तयार नाही. त्यांनी हे लिहायला सांगितलेलं नाही. पण काल माळ्यावरून तुझे जुने बूट काढले, तेल लावलं, आणि दाराशी स्वतःच्या बुटांशेजारी ठेवले आहेत.